नाचणी पेरायचे दिवस

डिसेंबर लागला की मी अजूनही वाण्याकडून पावशेर नाचणी आणते. रात्री भिजत घालते, सकाळी फडक्यात बांधून ठेवते आणि मोड डोकावले की पसरट डब्यातल्या मातीवर पेरते. 8 तारखेच्या सुमारास पेरली की नाताळपर्यंत बोट-दीड बोट हिरवंगार रान उभं राहतं. गव्हाणीतल्या बाळ येशूसमोर हे शेत हवंच. शाळेत असे दहा-बारा डबे असायचे, घरी आता एकच असतो.

शाळा नाना पेठेत, क्वार्टर गेटपासून चालत पाच-सात मिनिटांवर. सिस्टरांची, मराठी माध्यमाची, बालवाडी आणि पहिली ते चौथी, एका इयत्तेची एकच तुकडी. मी तिथंच चौथीपर्यंत शिकले आणि डी.एड. झाल्यावर निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवलं. वडील नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेले. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागातून आलेली आमच्यासारखी कितीतरी मराठी कॅथलिक घरं आसपास होती. पण शाळा नुसती आमची नव्हती. रास्ता पेठेतली तमिळ मुलं, गोव्याकडची मुलं, भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारींत राबणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, गल्लीतल्या मुसलमान आणि बौद्ध घरांतली, सगळी एकाच बाकावर. पटावर जेमतेम सव्वाशे. त्यामुळं एक गोष्ट आपोआप घडायची आणि माझ्या मते तीच आमच्या शाळेची खरी श्रीमंती होती: कुठल्याही कार्यक्रमाला नुसतं बघत बसायला मूल उरायचंच नाही.

फाटकातून आत आलं की डाव्या हाताला एक फळा होता. त्याला आम्ही बातमीफळा म्हणायचो. मोठ्या सिस्टर सकाळी त्यावर रंगीत खडूनं लिहायच्या आणि प्रार्थनेनंतर चौथीतलं एक मूल ते खणखणीत आवाजात वाचायचं. दुसरीतल्या मुलीला भाऊ झाला. शिपाईकाकांच्या आईचं आज ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी एक नमो मरिया म्हणू या. येत्या रविवारी आठ मुलं प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणार आहेत. उद्या ईद, परवा सुट्टी. पहिलीतलं एखादं मूल अक्षर लावायला शिकलं की सिस्टर मुद्दाम काहीतरी निमित्त काढून त्याचं नाव फळ्यावर लिहीत. ते मूल दिवसभर पाणी प्यायच्या निमित्तानं फळ्यासमोरून ये-जा करायचं. एका मुलाची आई धुणीभांडी करायची, तिला वाचता येत नव्हतं. मुलानं तिला फाटकात उभं करून बोटानं आपलं नाव दाखवलं, तेव्हा तिनं पदरानं बोट पुसून त्या अक्षरांवरून अलगद फिरवलं होतं. खडू पुसू नये म्हणून किती जपून!

वर्षाची सुरुवात आमच्याकडं पालखीनं व्हायची. जूनमध्ये शाळा उघडून चार दिवस होतात न होतात तोच पालख्या पुण्यात येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला उतरते आणि ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला. म्हणजे दोन्ही आमच्या शेजारीच. सगळी पेठ टाळमृदंगानं भरून जाते, तशी शाळाही भरायची. वर्ग रिकामे करून, बाक भिंतीला लावून आम्ही एका दिंडीला जागा द्यायचो. दोन दिवस फळ्यावर एकच बातमी असायची: माउली आल्या आहेत.

एक वर्ष मला कालच्यासारखं आठवतं. मोठ्या सिस्टर केरळच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. वारकऱ्यांची निघायची सकाळ होती, म्हणून त्या पहाटे तीनला उठल्या आणि आम्हा बायांकडून शिकून घेतलेले कांदेपोहे मोठ्या पातेल्यात स्वतः केले. वर खोबरं-कोथिंबीर. पहिली थाळी एका म्हाताऱ्या आजींपुढं धरली, तर आजींनी हात जोडले. "आज एकादशी आहे माउली." पुण्याहून पालख्या निघतात ती बहुधा एकादशीच असते, आणि ज्ञानोबांच्या वारकऱ्यांना त्या दिवशी उपाशीपोटी दिवे घाट चढायचा असतो. हे आम्हा बायांना तरी आठवायला हवं होतं. सिस्टरांचा चेहरा उतरला. पण अंगणात मदतीला आलेल्या पालकांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी रिक्षा काढून मंडईकडं गेलं, कुणी घरातून खजूर आणला, कुणी शेंगदाणे भाजायला घेतले, आणि अर्ध्या तासात केळ्यांचे घड फाटकाशी येऊन पडले. पुढच्या वर्षापासून राजगिऱ्याचे लाडू ठरून गेले. पालखी उतरायच्या आदल्या शनिवारी चौथीची मुलं ते वळायला बसायची.

त्याच सकाळी त्या आजी निघताना अंगणातल्या मरियेच्या मूर्तीपाशी थांबल्या. जवळ उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, "ही कोण गं?" पोर श्रीरामपूरकडची. ती म्हणाली, "मतमाउली." आजींचे डोळे एकदम चमकले. "हरेगावची का? आमच्या गावातून बी जातेत लोकं यात्रेला!" आजी नेवाशाकडच्या. हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते, तिथं सगळ्या जातिधर्मांची माणसं नवस फेडायला येतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुण्यात, आमच्या अंगणात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आजींनी वृंदावनातली एक मंजिरी खुडली, मरियेच्या पायाशी ठेवली आणि पूलगेटच्या दिशेनं दिंडीमागं निघून गेल्या. मंजिरी वाळून उडून जाईपर्यंत सिस्टरांनी तिथून हलवली नाही.

मग ऑगस्ट. 15 तारखेला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकत्र, त्यामुळं ध्वजवंदन झालं की त्याच पांढऱ्या गणवेशात मुलं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला. 5 सप्टेंबरला चौथीची मुलं शिक्षक व्हायची. मदर तेरेसा याच तारखेला 1997 साली गेल्या, तेव्हापासून त्या दिवशी मुलांनी घरून एकेक मूठ तांदूळ आणायची पद्धत सुरू झाली. तो तांदूळ वृद्धाश्रमात जायचा. 8 सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मसणाआधी नऊ दिवस रोज फुलं वाहायची. गणपतीचे दिवस तेच, त्यामुळं एका घरातून जास्वंद गणपतीला आणि तगर शाळेत, अशी वाटणी आया बिनबोलता करायच्या. ऑक्टोबर जपमाळेचा. दिवाळीची सुट्टी संपली की मात्र कुणाचं लक्ष अभ्यासात राहायचं नाही, आमचंसुद्धा.

डिसेंबर आमचा होता. 8 तारखेला निष्कलंक मातेचा सण, त्या दिवशी जोड्या लावून मुलांना सिटी चर्चला न्यायचं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी 1792 साली तिथं जागा दिली, ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचे. पेशवे तेव्हा स्वतः अठरा वर्षांचे होते हे सांगितलं की मुलं हमखास आपापल्या दादाचं वय मोजायची. परत आल्यावर नाचणी पेरायची. हे काम आम्हाला पहिल्यांदा नीट शिकवलं ते शेजारच्या वाड्यातल्या एका आजींनी. त्या दर नवरात्रात घटाला धान पेरायच्या. आमची नाचणी दोन वर्षं सडली, ते त्यांनी कठड्यावरून पाहिलं आणि खाली आल्या. "पाणी ओतायचं नाही बाई, शिंपडायचं. आणि वर माती पुरायची नाही, नुसती भुरभुरायची." पुढं त्या असेपर्यंत गव्हाणीचं शेत त्यांच्याकडंच होतं.

गॅदरिंग नाताळच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी. सिस्टरांची एक लांबट वही होती. डाव्या बाजूला सव्वाशे नावं, उजव्या बाजूला प्रत्येकाचं काम. उजवीकडं एकही रेघ रिकामी असेपर्यंत तालीम सुरू होत नसे. मरिया, योसेफ, तीन राजे, देवदूत, मेंढपाळ, मेंढरं, चांदण्या, खजुराची झाडं. व्यासपीठ म्हणजे बाकं उलटीसुलटी जोडून, सुंभानं आवळून, वर वखारीतून आणलेल्या फळ्या. पंखांना बोहरी आळीतला चंदेरी कागद. चांदणी बांबूच्या कामट्यांची, पतंगाच्या कागदानं मढवलेली, आत साठचा बल्ब.

गॅदरिंगच्या आदल्या दोन दिवसांत आया कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ, करायला जमायच्या. तिसरीच्या वर्गात सतरंज्या, मध्ये परात, प्रत्येकीच्या हातात नवाकोरा कंगवा. कणकेची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी वळी पडते. दिवाळीत शंकरपाळ्यांचे डोंगर करणाऱ्या बायकांना हे दहा मिनिटांत जमायचं. तमिळ आया काम करता करता गाणं सुरू करायच्या, मग गोव्याकडच्या कोकणीत, मग आमच्या मराठीत. तळणीचा वास थेट क्वार्टर गेटपर्यंत जातो असं मुलं सांगत. मी कधी पडताळून पाहिलं नाही, पण माझा विश्वास आहे.

एका वर्षी गॅदरिंगला तीन दिवस असताना एक मुलगा शाळेत दाखल झाला. बीडकडचा, आईवडील बांधकामावर. वयानं चौथीचा, अक्षरओळख पहिलीची, तोंडातून शब्द नाही. वही भरलेली होती. सिस्टरांनी खाली स्वतःच्या हातानं नवी रेघ आखली आणि त्याला विचारलं, "तुला काय येतं?" बराच वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "शेरडं वळता येतात." झालं, तो मेंढपाळ झाला. बाकीच्या मेंढपाळांच्या अंगावर चादरी होत्या, हा आला तो आजोबांची खरी घोंगडी घेऊन. काळी, जाड, धुराचा वास येणारी, कडेला पांढरा पट्टा. व्यासपीठावर त्यानं ती खांद्यावर टाकली, जीभ टाळूला लावून "हर्र्र्र हुईक" अशी हाळी दिली आणि कापसाची वीस मेंढरं तालमीत कधी लागली नव्हती अशी त्याच्यामागं ओळीनं लागली. पालकांमध्ये खेड्यांतून आलेले बाप होते. मागून दोघांतिघांनी तशीच हाळी परत दिली. पोरगं हसलं. आम्ही त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. वर्षभरात ते कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं. जाताना त्याच्या आईनं घोंगडी शाळेतच ठेवली, "पुढल्या साली लागंल" म्हणून. ती अजून लागते.

आणि ते भारनियमनाचं वर्ष. देवदूत येणार तेवढ्यात अंधार. बालवाडीतल्या चांदण्या रडायला लागल्या. तीन रिक्षावाले बाप उठले, फाटक सताड उघडलं, रिक्षा अंगणात आणून तोंडं व्यासपीठाकडं केली आणि दिवे लावले. इंजिनं चालू ठेवावी लागत होती, त्यामुळं धडधड मोठी. मुलांनी त्या धडधडीच्या वर आवाज चढवून गायलं. पिवळ्या उजेडात पंखांचा चंदेरी कागद सोन्यासारखा दिसत होता. वीज आली तेव्हा दिवे घालवा असं कुणाच्याच मनात येईना.

आता पट निम्म्यावर आलाय. मराठी शाळांचं जे सगळीकडं झालं ते आमचंही झालं आणि त्याचं दुःख मला रोज आहे. साठेक मुलं आहेत, म्हणून वहीत एकेका नावापुढं दोन-दोन कामं असतात. पहिल्या प्रवेशात मेंढरू असलेली मुलगी धावत मागं जाते आणि पंख लावून देवदूत होऊन येते.

2023 साली मी निवृत्त झालेली होते, तरी बोलावणं आलं. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचिओ गावी खऱ्या बैलासह आणि गाढवासह पहिला गोठा मांडला, त्याला 800 वर्षं झाली होती. फळ्यावर ही बातमी वाचल्यावर चौथीच्या मुलांनी हट्ट धरला, आपल्याकडंही खरं जनावर हवं. गल्लीतल्या एका मुसलमान घरानं आपलं शेळीचं पिल्लू दिलं. गळ्यात गुलाबी रिबीन, अंगाला तेल चोपडलेलं. घोंगडी पांघरलेल्या मेंढपाळानं ते मोठ्या थाटात गव्हाणीपर्यंत आणलं आणि पिल्लानं मान खाली घालून नाचणीचं अख्खं शेत दोन मिनिटांत फस्त केलं. मुलं टाळ्या पिटत होती, पालकांना हसू आवरेना, सिस्टर पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. डब्यांत नुसते खुंट उरले.

ते डबे कुणी उचलले नाहीत. शिपाईकाका सुट्टीत रोज पाणी शिंपडत राहिले. जानेवारीत शाळा उघडली, तीन राजांचा सण करायला मुलं गव्हाणीपाशी जमली, तेव्हा डब्यांत पुन्हा बोटभर नाचणी वर आली होती.