सव्वा महिन्यानंतरची साखर

गरोदरपणातल्या मधुमेहाच्या सरकारी चाचणीला उपाशी जावं लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा जास्त आली की निदान पक्कं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. पहिल्या भेटीतला आकडा चांगला आला तरी २४ ते २८ आठवड्यांत परत तपासतात, कारण वारेची (प्लासेंटाची) संप्रेरकं इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत आणि वार वाढते तसा त्यांचा जोर वाढतो.

निदानानंतर साधारण दोन आठवडे आहार सांभाळून जेवणानंतर दोन तासांची साखर बघतात. ती १२० च्या खाली आली नाही तर औषध किंवा इन्सुलिन. सकाळी शरीर इन्सुलिनला जास्तच अडून बसतं, म्हणून बशीभर पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी महागात पडते. आणि हो, भाकरीनेही साखर वाढते. चपातीऐवजी तीन भाकऱ्या हे पथ्य नव्हे. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि भाजी, असं जेवण आकड्यात फरक दाखवतं.

वार पडली की बहुतेकींची साखर लगेच उतरते. बाळाने मात्र पोटात जास्त इन्सुलिन तयार केलेलं असतं, त्यामुळे जन्मल्यावर त्याची साखर घसरू शकते. पहिल्या तासातच अंगावर पाजावं.

तपासण्यांमधली खरी गळती पुढे होते. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते, या वेळी रात्रभर उपाशी राहून. तेव्हा बाळंतीण माहेरी, फाईल सासरी आणि डब्यात डिंकाचे लाडू! (गूळही साखरच.) बाळाची सहा आठवड्यांची लस असते, त्याच आठवड्यात हे उरकून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तेव्हा फसवते, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं.

सगळं ठीक आलं तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी चालू ठेवायची. आणि पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच साखर बघायची, कारण बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांतच घडतात.