शातोनफ-द्यु-पाप: गोट्यांतली द्राक्षं आणि जुनी बाटली

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंहून शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावाला निघालो तेव्हा वारा असा होता की बायकोने गाडीची काच खाली करू दिली नाही. हा मिस्त्राल. र्‍होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुटतो. द्राक्षवाले मात्र त्याच्यावर खूश असतात. वेली कोरड्या राहतात, बुरशी कमी धरते. नाशिकला अवकाळी पावसानंतर डाउनी या बुरशीजन्य रोगासाठीची फवारणीची धावपळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे लगेच पटेल.

इथे मांडव नाही. ग्रनाश या द्राक्षजातीच्या जुन्या वेली कमरेएवढ्या झुडपासारख्या उभ्या, आणि खाली माती शोधावी लागते. नुसते गोल गोटे, काही तर नारळाएवढे. सप्टेंबरात संध्याकाळी सातला एका गोट्यावर बसलो तर तो तव्यासारखा उबदार होता. दिवसाची ऊब रात्री वेलीला परत मिळते, असं सांगतात. सगळे मळे असे नाहीत. काही वाळूत आहेत, आणि तिथली वाइन जरा मवाळ लागते. तोडणी सगळीकडे हातानेच, तसा नियमच आहे.

गावावरचा किल्ला पोप बाविसाव्या जॉनने बांधलेला. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी तो उडवला, त्यामुळे आता एक मोठी भिंतच उरल्यासारखी दिसते. आणि 1954 मध्ये इथल्या महापौराने मळ्यांत उडत्या तबकड्या उतरवायला चक्क बंदी घातली होती!

आता मुद्द्याचं. तळघरात एकाच मळ्याच्या दोन वाइन शेजारी ओतल्या. नवी म्हणजे स्ट्रॉबेरी, काळी मिरी, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तसा तुरटपणा. 2005 ची मात्र कडेला विटकरी झालेली. फळ मागे गेलं होतं. सुकं अंजीर, चामडं, आणि बाहेर टेकडीवर पायाखाली चुरडला होता तोच थाइमचा सुगंधी पाला. तुरटपणा विरघळलेला, पण घशात ऊब तशीच. दारूचं प्रमाण बहुतेकदा 14 टक्क्यांच्या वर असतं, हे विसरू नका.

2005 च्या दोन बाटल्या घेतल्या आणि पहिली त्याच रात्री मुक्कामी फोडली. दिवसभर डिकीत हिंदकळलेली! ग्लासात चहाचा चोथा उतरावा तसा गाळ, चव कडवट. चूक माझीच. जुनी बाटली निदान दोन दिवस उभी ठेवा, मग न हलवता, मानेखाली दिवा धरून हळूहळू ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. आधी तासन्‌तास उघडी ठेवायचीही गरज नाही, फार जुनी वाइन हवेत पटकन उतरते.

जाणाऱ्यांसाठी: पॅरिसहून वेगवान टीजीव्ही गाडीने आव्हिन्यों टीजीव्ही स्टेशन पावणेतीन तासांच्या आत येतं. पुढे गावाला रेल्वे नाही आणि बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. मग एकाने चव घेऊन थुंकायचंच. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, कुणाला गैर वाटत नाही. दुपारी बारा ते दोन बरीच तळघरं बंद. आत शिरताना आधी ‘बोंजूर’, मग बाकीचं. परत येताना भारतात माणशी 2 लिटर दारू करमुक्त, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेतच, स्वेटरमध्ये गुंडाळून.

आमची दुसरी बाटली गुरुवारपासून कपाटात उभी आहे. शनिवारी भाऊजी येतायत.