ब्रेकरचं ग्रीस बदलताना: पहिली ट्रिप जपून ठेवा

उघड्यावर उभ्या असलेल्या सर्किट ब्रेकरचं, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचचं, काम विचित्र असतं. महिनोन्‌महिने तो हलत नाही, आणि फॉल्ट (वीजमार्गात बिघाड) आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने उघडायचं, म्हणजे ट्रिप व्हायचं असतं. ५० हर्ट्झला एक सायकल म्हणजे २० मिलिसेकंद. तीन सायकलच्या ब्रेकरला सगळं मिळून ६०. एवढ्या वेळात लॅच (ताणलेली स्प्रिंग अडवून धरणारी कडी), रोलर आणि बेअरिंग हलायचे ते ग्रीसच्या पातळ थरावर. कडाक्याच्या थंडीत आमचे काही जुने ब्रेकर उशिरा उघडत होते, म्हणून ग्रीस आणि सीलंट दोन्ही नव्याने ठरवून बदलायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात मोजण्यापासून केली. इथे गंमत अशी की शटडाउन देण्यासाठी ब्रेकर एकदा उघडला की खरी माहिती निघून जाते. घट्ट झालेलं ग्रीस त्या पहिल्या हालचालीतच मोडतं, आणि नंतरच्या सगळ्या चाचण्या झकास येतात. त्यामुळे ब्रेकर सेवेत असतानाच ट्रिप कॉइलच्या (लॅच सोडवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वायरला करंट मोजणारा क्लॅम्प लावून ठेवायचा आणि शटडाउनची ट्रिप हीच चाचणी समजायची. कॉइलमधला दांडा, म्हणजे प्लंजर, हलला की करंटच्या आलेखात खळगा दिसतो. ब्रेकरच्या यंत्रणेबरोबर हलणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट उघडला की करंट तुटतो. खळगाच उशिरा आला तर प्लंजर किंवा लॅच जड आहे. खळगा वेळेवर आणि तुटणं उशिरा असेल, तर अडथळा पुढे यंत्रणेत शोधायचा.

आमच्या बहुतेक ब्रेकरमध्ये लॅच जड निघाली. उघडून पाहिलं (अर्थात दोन्ही स्प्रिंग डिस्चार्ज करून आणि डीसी फ्यूज काढून), तर आतलं ग्रीस मेणासारखं झालं होतं. उन्हाळ्याच्या उष्णतेने त्यातलं तेल हळूहळू गळून गेलं होतं आणि मागे उरला होता नुसता साबण, म्हणजे ग्रीसमधला तेल धरून ठेवणारा घट्ट भाग.

आता नवं कोणतं? डेटाशीटवर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो ड्रॉपिंग पॉइंट. साध्या लिथियम साबणाच्या ग्रीसचा तो १८० अंश सेल्सिअसच्या वर असतो, लिथियम कॉम्प्लेक्सचा बहुधा २६० च्या आसपास किंवा पुढे. पण त्या तापमानाला ग्रीस वितळून टपकतं एवढंच तो सांगतो. तिथवर ते काम करतं असं नाही. थंडीबद्दल तर तो काहीच बोलत नाही. घट्टपणाच्या आकड्याचंही तेच. एनएलजीआय २ या घट्टपणाच्या श्रेणीत पेनिट्रेशन (ग्रीसमध्ये शंकू किती रुततो ते, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत) २६५ ते २९५ असतं, पण हे मोजलेलं असतं २५ अंशांना. उणे ३० ला ते ग्रीस कसं वागेल हे मुख्यतः आतलं मूळ तेल ठरवतं. म्हणून मी खनिज तेलाची ग्रीस बाजूला ठेवली आणि पीएओ या कृत्रिम तेलाची, लो टेंपरेचर टॉर्कचा (थंडीत फिरवायला किती जोर लागतो त्याचा) आकडा देणारी मागवली. मग सुट्या लॅचला ग्रीस लावून ती रात्रभर शीतकक्षात ठेवली आणि सकाळी हाताने न हलवता थेट कॉइलने सोडली. उष्णतेसाठी लोखंडी पट्टीवर पातळ थर देऊन ती ओव्हनमध्ये तिरकी उभी केली. तेल किती ओघळतं ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

एकाच डब्यात सगळं भागावं अशी माझी फार इच्छा होती. ते जमत नाही. ब्रेकरमधल्या गॅसच्या सांध्यांतल्या ओ-रिंग ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या, आणि पीएओसारख्या हायड्रोकार्बन तेलाने ईपीडीएम फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीस लागतं. तेच सिलिकॉन पोलादावर पोलाद घासतं तिथे नीट वंगण देत नाही, आणि ठिणगी पडणाऱ्या कॉन्टॅक्टजवळ पोचलं तर सिलिकाचा विद्युतरोधक थर बसतो. त्यामुळे दोन डबे, दोन ब्रश, दोन रंगांची झाकणं. आणि मॅन्युअल जिथे कोरडं ठेवा म्हणतं तिथे कोरडंच.

जुन्यावर नवं ग्रीस थापायचं नाही, हे पटवायला जास्त वेळ गेला. जुन्यातला साबण कोणता हे माहीत नसेल तर धोकाच, कारण माती किंवा पॉलियुरियावर आधारलेली ग्रीस अनेकदा लिथियमशी जमत नाहीत आणि मिश्रण पाणचट किंवा कडक होतं. आमचे ज्येष्ठ फिटर म्हणाले, “साहेब, गंज सोडवायच्या तेलाचा एक फवारा मारला की लगेच सुटतं.” सुटतं खरंच. पण ते पातळ तेल उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं, स्वतः उडून जातं आणि पुढच्या थंडीत लॅच आणखी जड होते. शेवटी त्यांनाच एका ब्रेकरचा आलेख दाखवला. त्यानंतर भाग सुटे करून धुण्याची शिस्त त्यांनीच लावली.

सीलंटचं काम त्या मानाने सरळ. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ब्रेकरच्या यंत्रणेच्या बॉक्समध्ये वापरायचं नाही; त्यातून निघणारं ॲसेटिक ॲसिड तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा खातं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे पिकताना असं ॲसिड न सोडणारं, घ्यायचं. ते हवेतल्या ओलाव्यावर पृष्ठभागापासून आत पिकत जातं, त्यामुळे थंड, कोरड्या हवेत जाड थर कित्येक दिवस आतून मऊच राहतो. ही कामं आम्ही थंडी सुरू होण्याआधी उरकली. केबल ग्लँड, वरची फट, दाराचं गास्केट असं सगळं बंद केलं, पण खालचं ड्रेनचं छिद्र मुद्दाम उघडं ठेवलं. दिवसा तापलेली आणि रात्री गार झालेली पेटी बाहेरची हवा ओढतेच. आत जमलेलं पाणी निघायला वाट हवी, आणि हीटरही चालू हवा.

पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्या ट्रिप पकडल्या. खळगे आता लवकर येत होते, बहुतेक ब्रेकर निर्मात्याच्या वेळेत आले. एक मात्र अजून रेंगाळतो. त्याच्या आलेखात करंटची उंचीच कमी आहे, म्हणजे संशय ग्रीसवर नाही, डीसी वायरिंगमधल्या एखाद्या ढिल्या टर्मिनलवर आहे. पुढच्या शटडाउनच्या यादीत ते वर टाकलं आहे.