पंपाची सवय लागते का?

औषधशास्त्र शिकवतो म्हटल्यावर ओळखीची मंडळी हमखास विचारतात : दम्याच्या निळ्या पंपाची सवय लागते का आणि रोज घेतल्याने त्याचा गुण कमी होतो का? तंबाखूसारखी सवय लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गुण कमी होण्याची गोष्ट मात्र खुलासा करण्याजोगी आहे, कारण तिच्यात बीटा-अरेस्टिन या प्रथिनाचा मोठा हात आहे.

पंपातले साल्ब्युटामोल श्वासनलिकेच्या स्नायुपेशींवरील बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटले, की तो संदेश पुढे नेणारे पेशीच्या आतले जी-प्रथिन कामाला लागते, सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैलावतो. पण चेतलेला रिसेप्टर मोकाट सोडणे पेशीला परवडत नाही. जीआरके नावाची विकरे रिसेप्टरच्या पेशीत लोंबणाऱ्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात आणि ती खूण ओळखून बीटा-अरेस्टिन तिथे येऊन बसते. त्यामुळे जी-प्रथिनाची वाट तर अडतेच, शिवाय क्लॅथ्रिन या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढला जातो. काही रिसेप्टर फॉस्फेट उतरवून पुन्हा वर येतात. औषधाचा मारा दिवसेंदिवस चालू राहिला, तर बरेच मोडीत निघतात.

बीटा-अरेस्टिन १९९० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेने ओळखले. त्याचे भावंड डोळ्याच्या पडद्यात आधीच सापडले होते. ते बिघडले, की ओगुची नावाचा जन्मजात रातांधळेपणा येतो. पुढे कळले, की अरेस्टिन नुसते संदेश थांबवत नाही, स्वतःचे वेगळे संदेशही सुरू करते. मला तरी या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो, आणि आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये अरुण शुक्ला यांचा गट त्यावरच काम करतो.

तरीही सगळा दोष अरेस्टिनच्या माथी मारू नये. नलिका सैल करण्याचा गुण पुष्कळसा टिकतो. धावल्याने होणाऱ्या आकुंचनापासून मिळणारे संरक्षण मात्र नियमित वापराने घटते. पंप वारंवार लागू लागला, तर बहुधा आतली सूज वाढलेली असते आणि तिच्यावर साल्ब्युटामोलचा इलाज चालत नाही. श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड ती सूज उतरवते आणि पेशींना नवे बीटा-२ रिसेप्टर घडवायलाही लावते. दम्यावरील जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर भिस्त ठेवू नये असे म्हटले, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र सवयीच्या धास्तीने ऐन धाप लागली असताना पंप टाळणे निव्वळ धोक्याचे आहे.