सप्टेंबरातला शेवटचा रविवार

1981 मध्ये मी लेनिनग्राडला शिकायला गेले आणि कर्णबधिरांच्या घरची सून झाले. सासू-सासरे दोघांनाही ऐकू येत नसे. रशियन धड बोलण्याआधी मला बोटांची अक्षरं यायला लागली, याचं सासूबाईंना केवढं कौतुक!

सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी, कर्णबधिर दिनाला, सगळे क्रास्नाया रस्त्यावरच्या त्यांच्या सांस्कृतिक भवनात जमत. लाल कापड घातलेलं टेबल, कारखान्यांचे अहवाल, प्रशस्तिपत्रं, 1926 मध्ये कर्णबधिरांची संघटना कशी उभी राहिली ते, सगळं रीतसर होई. मी वाट बघायची ती म्हाताऱ्यांची.

सासूबाई वेढ्यातल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर वेढलं होतं तेव्हाच्या, आठवणी सांगत. विमानहल्ल्याचा भोंगा ऐकू यायचा नाही, म्हणून शेजारीण त्यांच्या मनगटाला दोरी बांधून ठेवी आणि ओढून उठवी. मग दिवसाच्या वाट्याचा 125 ग्रॅम पाव त्या तळहातावर ठेवत. नसलेला पाव! दुसऱ्या हाताने त्याचा चुरा टिपून घेत. तेव्हा सभागृहात एकही हात हलत नसे. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी मी रडायची.

1937 चं मात्र तिथे कुणी काढत नसे. त्या वर्षी, स्टालिनच्या राज्यात, पोलिसांनी शहरातल्या 54 कर्णबधिरांना जर्मनांचे हस्तक ठरवून धरलं, निम्म्याहून जास्त जणांना गोळ्या घातल्या. सासरे ते घरीच सांगत, तेही पडदे ओढून. खुणा समोरच्या खिडकीतूनही दिसतात ना.

दोघी दुभाष्या तासन्‌तास उभ्या असत. कोट सांभाळणाऱ्या आजी, लक्ष वेधायला दिवे उघडझाप करणारे काका, नाटकाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायका, बागेतली सफरचंदं आणणारे शेजारी, खुर्च्या मांडणारी शाळेतली मुलं. आणि चहावाल्या मावशी, किती साखर ते बोटांनी विचारणाऱ्या. बाई गं, रखवालदार राहिलेच! उशीर झाला तरी त्यांनी कधी घाई केली नाही.

ऐकू येणारी मुलं मात्र आईवडिलांना दारात सोडून निघून जायची. आमचे दीर इतक्या वर्षांत दोनदा आत आले. ते मला अजून खुपतं.

कार्यक्रम संपला तरी कुणी हलत नसे. अंधारात बोलता येत नाही, म्हणून सगळे रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे, त्या गारठ्यात हातमोजे काढून. आमचं घर नेवा नदीपलीकडे. जहाजांसाठी पूल उचलायची वेळ होत आली की मी सासूबाईंची बाही ओढायची. त्या माझा हात बाजूला करून गोष्ट पुरी करत.