मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडेना – भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली ताबा कसा मिळाला, माझा अनुभव

सातारला शाहूपुरीत आईच्या नावावर वन बीएचके आहे, बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेला. आई माझ्याकडे आली तेव्हापासून आम्ही तो भाड्याने देतो, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा करार, दर वेळी ऑनलाइन रजिस्टर केलेलं. या भाडेकरूचं दोनदा रिन्यू केलं, काही तक्रार नव्हती. तिसऱ्या वेळी मुदत संपायच्या आधीच सांगितलं की आता फ्लॅट लागणार आहे, आईला परत सातारला राहायचंय. तो हो हो म्हणाला, मग पोराची परीक्षा, मग गणपती होऊ द्या, मग दिवाळी आणि शेवटी फोनवर थेट, काय करायचं ते करा, मी हलत नाही.

आई रात्र रात्र झोपायची नाही. आयुष्यभराची कमाई ती एवढीच.

सल्ले सगळ्यांनी एकच दिले, लाईट तोड, पाणी बंद कर, तो गावाला गेला की कुलूप बदल. पोलिसांनी अर्ज घेतला आणि हे दिवाणी मॅटर आहे म्हणाले. सातारच्याच एका वकील मॅडमना भेटलो, त्यांनी पहिल्यांदा बजावलं की असलं काही करायचं नाही, भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ ला घरमालकाने अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई आहे, तुम्ही वायर कापली की केस तुमच्यावर फिरते, आज तुमची बाजू स्वच्छ आहे ती स्वच्छच ठेवा. दुसरं सांगितलं की मुदत संपल्यावर तो अकाउंटला पैसे टाकेल, ते भाडं म्हणून घेतलं असं कुठेही लिहून देऊ नका, व्हॉट्सॲपवर ‘मिळालं’ एवढंसुद्धा नको.

राहण्याची जागा लिव्ह अँड लायसन्सवर दिली असेल आणि मुदत संपूनही समोरचा सोडत नसेल तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसायची गरज नसते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४, अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. सातारा पुणे विभागात येतं म्हणून आमचं काम पुण्याला. आईला तेवढा प्रवास झेपणार नव्हता म्हणून तिच्याकडून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेतलं.

कागद म्हणाल तर रजिस्टर ॲग्रीमेंट, फ्लॅटच्या खरेदीखताचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), बँकेचं स्टेटमेंट आणि वकिलांची नोटीस. नोटीस त्याने घेतलीच नाही, पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं, मी फोडणारच होतो तर मॅडमनी थांबवलं, ते बंद पाकीट तसंच्या तसं दाखल करायचं असतं.

समन्स गेल्यावर समोरच्याला आपोआप बाजू मांडता येत नाही, ३० दिवसांत ॲफिडेव्हिट करून बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर आपलं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरतात. याने मागितली. काय लिहिलं होतं तर म्हणे फ्लॅट विकत द्यायचं तोंडी ठरलंय आणि रोख पैसे दिलेत. असं काही घडलेलंच नव्हतं, वाचून हात थरथरायला लागले. पण या कलमात लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरला जातो, तोंडी गोष्टींना तिथे फार जागा उरत नाही. तारखा पडत गेल्या, पहाटे सातारा स्टँडवरून विनाथांबा स्वारगेट गाठायचं, खंबाटकीला ट्रॅफिक लागलं की जीव टांगणीला, आणि तिथे गेल्यावर कळायचं की साहेब मीटिंगला गेलेत. हा सगळ्यात थकवणारा भाग, कायदा नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं याच सुमारास असंच प्रकरण चालू होतं, त्यांनी नुसती स्टँपपेपरवर नोटरी केलेली. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरून चालतात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नगरपालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १००० रुपये, स्टँप ड्युटी पाव टक्का, तेवढ्यासाठी ते काका आज हतबल बसलेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

बचावाची परवानगी नाकारली आणि ऑर्डर आमच्या बाजूने झाली, जागा रिकामी करून द्यायची आणि मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई. यावर अपील नसतं, फक्त रिव्हिजन, म्हणजे ऑर्डर कायद्याला धरून आहे का याची वरून फेरतपासणी, तेही ९० दिवसांत. तो वर जाईन म्हणत राहिला, गेला नाही, आणि आम्ही अंमलबजावणीचा अर्ज दिल्यावर एका रविवारी टेम्पो आणून सामान हलवलं.

किल्ली घेताना घाई करू नका. आम्ही शेजारच्या दोघांना साक्षीला उभं केलं, खोल्यांचा व्हिडिओ काढला, मीटरचं रीडिंग लिहिलं, ताबा पावतीवर त्याची सही घेतली आणि मगच कुलूप बदललं. महावितरणचं बिल थकलेलं होतं ते आणि सोसायटीचा मेंटेनन्स डिपॉझिटमधून वळते केले, त्याचाही हिशोब लिहून त्याला दिला. दुप्पट भरपाईची रक्कम मात्र अजून यायची आहे, त्याच्या वसुलीचं काम मॅडमकडे चालू आहे. आई पाडव्याला शाहूपुरीत राहायला गेली.