जांबोटी ते चोर्ला: पाठीवरची कवटी नव्हे, पोट बघा

बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटीकडे निघालं की शेतांत रताळ्याचे वेल लागतात. या वेलांवर शेपटीशी शिंग असलेली जाडजूड अळी सापडते, ती बहुधा ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली या पतंगाची. आम्ही निघालो होतो तिच्या भाऊबंदांच्या, पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या ॲकेरॉन्शिया पतंगाच्या मागावर. त्याची अळी वांगी, बटाटा, धोतरा, तीळ खाते. पानांत ती दिसत नाही, म्हणून आधी जमीन बघायची: मिऱ्याएवढ्या ताज्या लेंड्या पडल्या असतील, तर अळी बरोबर वरच्या फांदीवर असते. खणताना कोष मिळाला, तर ॲग्रियसच्या कोषाला कपाच्या कानासारखी सोंडेची कडी असते. ॲकेरॉन्शियाचा कोष तिथे सपाट.

ॲकेरॉन्शिया ही प्रजाती स्फिंजिडी या पतंगांच्या कुळातली. तिच्यात जाती तीनच: ॲट्रोपॉस (१७५८), लॅकेसिस (१७९८) आणि स्टिक्स (१८४७). पहिली आफ्रिका-युरोपकडची, आपल्याकडे उरलेल्या दोन.

कुसमळीला मलप्रभा ओलांडून कणकुंबीच्या वर, अमावास्येच्या आसपास, पांढरा पडदा आणि १६० वॅटचा मर्क्युरी दिवा लावायचा. पौर्णिमेला पडदा ओसच राहतो. हा पतंग येतो तो धडकतच; पंख पसरले की दहा-तेरा सेंटीमीटर. हात लावला की चिरकतो. घशात हवा ओढून ती पुन्हा बाहेर सोडतो, त्याचा तो आवाज. सोंड आखूड, जाड, टोकदार. पोळ्याचं मेण भोसकून मध प्यायला हीच कामाची. फुलाच्या लांब नळीत ती पोचणारच नाही, तिथे ॲग्रियसची अंगापेक्षा लांब सोंड हवी.

ओळखताना सगळे पाठीवरच्या कवटीवर जातात आणि चुकतात. डब्यात फडफडून त्या जागचे खवले झडतात, कवटी पुसली जाते. पतंग पारदर्शक डब्यात घ्या, डबा उचलून खालून टॉर्च मारा. पोटाखाली गडद आडवे पट्टे असतील तर लॅकेसिस. पोट साधं पिवळसर असेल तर बहुतेक वेळा स्टिक्स. मग मागचे पंख बघा: लॅकेसिसमध्ये बुडाशी काळा डाग, स्टिक्समध्ये पिवळ्यावर दोन काळ्या पट्ट्या. पाठीकडून पोटावर रुंद निळसर-करडा पट्टा दिसला की लॅकेसिसची खात्री वाढते. फोटो वरून एक, खालून एक, असे दोन हवेतच. खालचा नसेल तर झिजलेल्या पतंगाची जात ठामपणे सांगू नये.

कवटी बघून अपशकुनी म्हणत याला चपलेने मारतात, याचं फार वाईट वाटतं. तो चावत नाही, डंखही नाही.

उजाडायच्या तासभर आधी दिवा बंद करा आणि पडद्यावरचे पतंग अलगद काढून झुडपांत सोडा. राहिले तर पहाटे कोतवाल पक्षी येतात आणि पडदा साफ करून टाकतात; खाली नुसते पंख उरतात.